देवाने कुत्र्याचं तोंड का नाही बंद केलं?

विश्रांतवाडीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सहा वर्षांचा. संडे स्कूलमध्ये सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानीएलाची गोष्ट ऐकून आला आणि त्याच आठवड्यात गल्लीतली कुत्री त्याच्या अंगावर धावून आली. चावली नाहीत, पण पोराने धसका घेतला. रात्री आईला म्हणाला, "मी प्रार्थना केली होती. देवाने सिंहांची तोंडं बंद केली, मग कुत्र्याचं का नाही केलं?" आजी म्हणतात, "ख्रिस्ताची लेकरं भीत नसतात. रडायचं नाही." आता तो खाली खेळायला जात नाही आणि झोपताना प्रार्थनाही टाळतो. ताई विचारतात, बायबलच्या गोष्टींतून मुलांना धैर्य आणि विश्वास शिकवायचा तरी कसा? धाकटी तीन वर्षांची आहे, तिला काय सांगायचं?

ताई, आधी त्याच्या प्रश्नाकडे बघू. प्रश्न अगदी रास्त आहे. गोष्ट त्याने कान देऊन ऐकली, ती स्वतःला लावून पाहिली आणि जे जुळलं नाही ते तुम्हाला येऊन सांगितलं. संडे स्कूलमध्ये मान डोलावून घरी जाणाऱ्या मुलांपेक्षा अशा मुलाची मला काळजी कमी वाटते. म्हणून त्याला गप्प करू नका. "तू मनापासून केली नसशील" हे तर चुकूनही म्हणू नका. या वयाच्या मुलाला आपल्या मनात आलं म्हणून बाहेर काहीतरी घडलं असं सहज वाटतं. प्रार्थनेत डोळे किलकिले केले म्हणून आजोबा आजारी पडले, असं मानून महिनोन्‌महिने मनात कुढणारी मुलं मी पाहिली आहेत. "देवाची इच्छा" हे उत्तरही सहा वर्षांच्या मुलाला नको. त्याला त्याचा अर्थ एवढाच लागतो की कुत्रा अंगावर यावा अशी देवाची इच्छा होती.

त्याला खरं तेच सांगा. "नाही केलं बंद. कुत्रा भुंकला, तू घाबरलास. मी असते तर मीही घाबरले असते." आणि तिथेच थांबा. लगेच बोध नको.

मग दोन-चार दिवसांनी दानीएलाची गोष्ट पुन्हा काढा, पण वर्गात सांगतात त्यापेक्षा सावकाश. वर्गात काय होतं, की वेळ कमी असतो, मुलं चुळबुळत असतात, म्हणून शिक्षक दोन मिनिटांत सिंहांपाशी पोचतात. तोंडं बंद, टाळ्या, पुढचं गाणं. मुलाच्या डोक्यात हिशेब बसतो: प्रार्थना केली की तोंड बंद. मूळ गोष्ट वाचा (दानीएल, सहावा अध्याय). दानीएलाने प्रार्थना केली म्हणून तर त्याला गुहेत टाकलं! प्रार्थनेने गुहा टळली नाही. गुहेच्या तोंडावर धोंडा ठेवला, राजाने त्यावर मोहर केली आणि रात्र झाली. ती रात्र मुलांना सांगा. आत अंधार, सिंहांचा वास, आणि दूत आला तो तिथे आत. बाहेर राजा दारयावेश जेवला नाही, त्याला झोप लागली नाही, उजाडताच तो धावत गुहेपाशी गेला आणि रडवेल्या आवाजात हाका मारू लागला. मुलांना हा राजा फार आवडतो. एवढा मोठा राजा आणि रात्रभर जागा! शिवाय चित्रांच्या पुस्तकांत दानीएल तरणाबांड दाखवतात, पण बाबेलात येऊन त्याला तोवर साठ-पासष्ट वर्षं झाली होती, म्हणजे तो आजोबांच्या वयाचा असणार. हे सांगितलं की मुलं गोष्ट वेगळ्या कानांनी ऐकतात. शेवटाकडचं चोविसावं वचन, जिथे चहाडी करणाऱ्यांना बायकामुलांसकट गुहेत टाकतात, ते लहान मुलांसमोर वाचू नका.

त्यानंतर तिसऱ्या अध्यायातले शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर यांच्याकडे आहे. भट्टी पेटलेली आहे, समोर नबुखद्‌नेस्सर राजा उभा आहे, आणि हे तिघे म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवू शकतो. पण नाही सोडवलं, तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. वर्गात गोष्ट सांगताना हे "नाही सोडवलं तरी" बहुतेक वेळा गळतं, कारण सांगणाऱ्यालाच ते अवघड जातं. माझ्या मते मुलांना विश्वास शिकवायचा तर हेच वाक्य आधी शिकवावं. ते मनात बसलेलं मूल पुढे परीक्षेत नापास झालं, घरात कोणी दगावलं, तरी देवावर रुसून कायमचं दूर जात नाही. रुसतं, आणि परत बोलतं. मग त्या तिघांबरोबर भट्टीत चौथा कोण दिसला ते मुलांनाच शोधू द्या.

कुत्र्यांचं मात्र वेगळं शिकवा, आणि तेही त्याच आठवड्यात. पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात अंगाशी ठेवून उभं राहायचं, कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, मग हळूहळू मागे सरायचं. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी घरी सांगायचं, लपवायचं नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं बघायचं. हे सगळं "विश्वास कमी म्हणून" करत नाही, हे आजींसमोर स्पष्ट बोला. दावीदही रणात जाताना नुसता हात जोडून गेला नव्हता, ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे निवडून घेऊन गेला होता.

दावीदाचा विषय निघालाच आहे तर आधीच सावध करते. कुत्र्याला घाबरलेल्या मुलाला ही गोष्ट आत्ता सांगाल तर तो उद्या खिशात दगड भरून खाली जाईल. महिनाभर थांबा. पण सांगाल तेव्हा नीट सांगा, कारण धैर्याची म्हणून सगळ्यात जास्त सांगितली जाणारी आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी गोष्ट हीच.

मी ती डब्यापासून सुरू करते. दावीद लढायला गेलाच नव्हता. बापाने त्याला भावांसाठी भाजलेलं धान्य आणि दहा भाकरी देऊन पाठवलं होतं, शिवाय त्यांच्या सरदारासाठी चीजचे दहा तुकडे. म्हणजे डबा पोचवायला गेलेला धाकटा भाऊ. तिथे पोचल्यावर थोरला अलीयाब त्याच्यावरच खेकसतो, "ती चार मेंढरं कोणाच्या भरवशावर सोडून आलास?" इथे वर्गातली सगळी धाकटी भावंडं खूश होतात. मग पलिष्ट्यांचा धिप्पाड योद्धा गल्याथ. त्याची उंची सहा हात आणि एक वीत लिहिली आहे. घरी हे करून बघा. पप्पांना भिंतीशी उभं करा आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात धरून खडूने खुणा करत वर जा. चौथ्या हाताला पप्पांचं डोकं मागे पडतं. सहाव्या हातासाठी स्टूल लागतं. वर एक वीत धरली की आपल्या फ्लॅटचं छत येतं, साधारण साडेनऊ फूट. मुलगा मान वर करून बघेल आणि काही क्षण बोलणार नाही. तेवढ्यात सांगा की हा माणूस चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन ओरडत होता आणि शौल राजासकट सगळं सैन्य घाबरलं होतं. सगळे! चिलखत घातलेले, भालेवाले, दाढीवाले. म्हणजे घाबरणं हे लहान मुलांचं काम आहे ही समजूत तिथेच संपते.

मग शौलाचं चिलखत. पितळेचं शिरस्त्राण, जड चिलखत, कमरेला तलवार, आणि दावीदाला चालताच येत नाही. पप्पांचा रेनकोट आणि हेल्मेट मुलाला घाला आणि हॉलमध्ये दोन फेऱ्या मारायला सांगा. दुसऱ्याचं धैर्य आपल्याला होत नाही, हे मग तोंडाने सांगावं लागत नाही. दावीदाने ते उतरवलं आणि त्याला रोज जे येत होतं ते घेतलं: गोफण. मेंढरं राखताना सिंह आणि अस्वल यांच्याशी त्याची गाठ आधीच पडली होती. हा भाग गाळू नका, नाहीतर मुलांना वाटतं की धैर्य त्या दिवशी अचानक आभाळातून पडलं. गल्याथ पडला की माझी गोष्ट संपते. मुंडकं कापल्याचा भाग मूल आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर.

उन्हाळ्याच्या सुटीतल्या व्हीबीएसमध्ये (व्हेकेशन बायबल स्कूलमध्ये) पुठ्ठ्याच्या ढाली-तलवारी करतात, त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. वचन कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी डोळ्याला लागतं. त्याऐवजी न लढणारी माणसं शोधा, बायबलमध्ये ती भरपूर आहेत. अरामी सेनापती नामानाच्या घरी एक लहान मुलगी होती. लढाईत पकडून आणलेली, आईबापांपासून तुटलेली, तिचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. मालकाला कोड फुटलं तेव्हा ती मालकिणीला सांगते की आमच्याकडच्या संदेष्ट्यापाशी गेले तर बरे होतील. एक वाक्य. ज्यांनी आपल्याला उचलून आणलं त्यांच्या भल्यासाठी एक वाक्य बोलायला किती हिंमत लागली असेल! शाळेत बाईंना "माझ्या शेजारच्याला सगळे चिडवतात" हे जाऊन सांगणाऱ्या मुलीला ही गोष्ट बरोबर कळते. नाइलच्या काठी दूर उभी राहून आपल्या तान्ह्या भावाच्या पेटीवर नजर ठेवणारी मोशेची बहीण, पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्यांचा आपला डबा पुढे करणारा पोरगा, हे सगळे त्याच वयाचे वाटतात. एस्तेर थोडी मोठी. पण ती राजाकडे जाण्याआधी सगळ्यांना सांगते की माझ्यासाठी तीन दिवस उपास करा. हिंमत एकटीने गोळा करायची नसते, हे मोठ्या मुलींना तिच्याकडून शिकवता येतं.

आणि एलीया संदेष्टा. हा माझा लाडका. कर्मेल डोंगरावर सगळ्यांसमोर उभा राहिलेला माणूस त्यानंतर लगेच जीव घेऊन पळतो, झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, मला मरण दे. देव त्याला काय करतो? रागावत नाही, उपदेश करत नाही. दूत येऊन त्याला उठवतो, ऊनऊन भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून खायला देतो. बोलणं त्यानंतर. संध्याकाळी रडवेलं झालेलं मूल निम्म्या वेळा भुकेलेलं आणि पेंगुळलेलं असतं, हे आयांना माहीत असतं. देवालाही माहीत आहे असं मला ही गोष्ट वाचताना दर वेळी वाटतं.

आता तुमच्या घरचा सगळ्यात मोठा प्रश्न, आजींचं "भीत नसतात" हे वाक्य. त्यावर उपाय म्हणून वादळाची गोष्ट घ्या, आणि ती मार्काच्या चौथ्या अध्यायातली घ्या. येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपला आहे (उशी फक्त मार्काने लिहिली आहे, मुलांना ती फार आवडते). लाटा आत येताहेत. शिष्य घाबरून त्याला उठवतात, थोडे रागावूनच, "आम्ही बुडतोय, तुला काहीच नाही का त्याचं?" तो उठतो, आधी वारा आणि समुद्र शांत करतो, आणि मग विचारतो की तुम्ही का घाबरलात. मत्तयात हा क्रम उलटा आहे, तिथे विचारणं आधी. लहान मुलांसाठी मी कायम मार्क घेते, कारण घरातही हाच क्रम उपयोगी पडतो. रात्री दोनला मुलगा "भीती वाटते" म्हणून उठवायला आला तर आधी जवळ घ्या, पाणी द्या, दिवा लावा. का वाटली ते सकाळी, पोहे खाताना. शिष्यांनी येशूला उठवलं म्हणून तो त्यांना सोडून गेला नाही, एवढं त्या मुलाला पुरतं.

आजींना मुलासमोर खोडून काढू नका. त्याने काही साधत नाही आणि घरात अबोला धरला जातो. त्यांना विनवा, "आई, तुम्ही लहान असताना कशाला घाबरायचात ते याला सांगा ना." पुण्यातल्या त्या वयाच्या बऱ्याच आज्यांकडे १२ जुलै १९६१ ची, पानशेत धरण फुटलं त्या दिवसाची आठवण असते, स्वतःची किंवा घरात ऐकलेली. आजी घाबरली होती, पळाली होती, कोणीतरी हात धरला होता, नंतर शेजाऱ्यांकडे झोपली होती. नातवाला ही गोष्ट दावीदाइतकीच लागते.

पाण्यावरून आठवलं. नोहाची गोष्ट आपण प्राण्यांच्या चित्रांमुळे सगळ्यात लहान वर्गाला देतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने ज्यांच्या घरात पाणी आणलं, त्या भागातल्या मुलांना ती सांगून बघा. एका मुलीने विचारलं होतं, "नावेत न बसलेली मुलं कुठे गेली?" ऐन पावसाळ्यात, ओढ्याकाठच्या वस्तीत ही गोष्ट नको. सांगायचीच तर इंद्रधनुष्यापासून सुरू करा, देवाच्या वचनापासून. अब्राहामाने इसहाकाला डोंगरावर नेल्याची गोष्ट तर दहाच्या आत मी कोणत्याही मुलाला सांगत नाही. मूल त्यात देव बघत नाही, सुरी घेतलेला बाप बघतं.

सांगायच्या पद्धतीबद्दल थोडं. मोबाइलवरचे कार्टून लावून देणं टाळा, कारण तिथे मूल मध्येच थांबवून विचारू शकत नाही, आणि विचारणं हाच तर खरा भाग. जुना फ्लॅनेल बोर्ड (आकृत्या चिकटवायचा कापडी फळा) मिळाला तर उत्तम, आकृती मुलाच्या हाताने हलते. नसेल तर चमचे-वाट्या चालतात. मांडीवर बायबल उघडं ठेवा, म्हणजे ही गोष्ट आईने रचलेली नाही हे त्याला दिसतं. आपण भर घातली तर "हे माझ्या मनाने सांगतेय हं" असं म्हणा. शेवटी "तात्पर्य काय?" विचारू नका. विचारायचंच तर "तू असतास तर कुठे उभा राहिला असतास?" बरीच मुलं सुरुवातीला म्हणतात, तंबूत, सैनिकांच्या मागे. उभं राहू द्या.

पाठांतराबद्दलही एक सांगते. यहोशवाच्या पहिल्या अध्यायातलं नववं वचन आपण सगळ्या मुलांकडून घोकून घेतो, आणि मुलं "खंबीर हो, हिंमत धर" एवढंच मोठ्याने ओरडतात. हिंमत का धरायची ते वचनाच्या शेवटी आहे: तू जाशील तिकडे देव तुझ्याबरोबर आहे. मी शेवट आधी शिकवते, पुटपुटत, आणि सुरुवात नंतर. झोपतानाची प्रार्थना तो टाळतोय तर आत्ता जबरदस्ती नको. तुम्हीच त्याच्या उशाशी बसून दोन वाक्यांची करा, "देवा, आज याला कुत्र्याची भीती वाटली. आम्ही दोघं इथे आहोत." स्तोत्रसंहितेत कितीतरी ठिकाणी लोक देवाकडे तक्रारच करताहेत, त्यामुळे त्याने पुढे देवाला रागाने काही विचारलं तरी दचकू नका.

तो सात-आठचा झाला की एखाद्या रविवारी उपासना झाल्यावर दौंडच्या गाडीने केडगावला घेऊन जा. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेल्यावर रमाबाई आणि त्यांचे भाऊ पायी देशभर हिंडले. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात शिरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. तीच मुलगी मोठी झाल्यावर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आली. मुलाला वाळूचा खड्डा आठवणीत राहील, बाकीचं नंतर समजेल.

आणखी एक, जपून करण्यासारखं. तुमच्या सोसायटीत त्याचे मित्र गणपती बसवणारे असतील, ईद करणारे असतील. पलिष्टी, बाबेलचे लोक हे गोष्टीतच राहू द्यात, खाली खेळायला येणारा कोणी गल्याथ होता कामा नये. असं काही त्याच्या बोलण्यात आलं तर त्याच दिवशी थांबवा आणि संडे स्कूलच्या शिक्षकांनाही कानावर घाला. त्याच वेळी त्यांना कुत्र्याचा प्रश्नही सांगा. वर्गात आणखी दोघा-तिघांच्या मनात तो असणार.

धाकटीला यातलं काहीच नको. तीन वर्षांच्या मुलीला हरवलेलं मेंढरू पुरे, लूकच्या पंधराव्या अध्यायातलं. शंभरातलं एक हरवलं, मेंढपाळ शोधायला गेला, सापडल्यावर खांद्यावर घेऊन घरी आला. उशीखाली मेंढरू लपवा, तिला शोधू द्या, खांद्यावर घ्या. ती पुन्हा पुन्हा सांगायला लावेल, कंटाळा करू नका. सिंहांची गोष्ट दादाला सांगताना ती शेजारी बसली असेल तर आवाज खाली ठेवा आणि गुहेतली रात्र तिच्यापुरती लवकर उजाडू द्या.